माकूल, कांदा आणि बांडगूळ

कुरियरचं खोकं उघडलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, पाठवणारा कुंडी पाठवायलाच विसरला. जुन्या वर्तमानपत्राच्या सुरळ्यांमध्ये तीन रोपं होती. खाली लहान कांद्याएवढा फुगीर हिरवा गड्डा आणि त्यातून निघालेली सात-आठ वेडीवाकडी, नळीसारखी वळलेली पानं. माती नाही, कोकोपीट नाही, मुळं म्हणजे काळ्या दोऱ्याची चार टोकं. भाचा तेव्हा पनवेलला माझ्याकडे आला होता. हर्णैचा मासळीचा लिलाव पाहिलेला मुलगा तो, बघताक्षणी म्हणाला, "मावशी, ही तर माकूल!" माकूल म्हणजे स्क्विड. आईला फोटो पाठवला, तर तिचा प्रश्न आला, "कांद्याला कोंब फुटलेत का?" तोच फोटो बाबांनी चष्मा लावून पाहिला आणि निकाल दिला, "बांडगूळ आहे. घरात कशाला आणलंस?"

रोपाचं नाव टिलँडसिया बल्बोसा. 'एअर प्लांट' म्हणून जी रोपं हल्ली विकायला असतात, त्यांतलीच ही एक जात. कूळ अननसाचं. हे सगळं कूळच अमेरिकेच्या दोन्ही खंडांतलं, एकच जात काय ती पश्चिम आफ्रिकेत सापडते. बल्बोसा दक्षिण मेक्सिकोपासून मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं धरून दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेपर्यंत, सखल दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढते. खारफुटीच्या झाडांवरही वाढते. 'खारफुटी' हा शब्द वाचला आणि मी पैसे भरून मोकळी झाले. आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीला लागून. जिथे खारफुटी तिथली दमट हवा, ती या रोपाला परकी वाटायची नाही, असा माझा हिशोब होता. हिशोब चुकीचा नव्हता. पण तो जुळेपर्यंत तीनातली दोन रोपं गेली.

एकेक रोप साडेतीनशेला पडलं होतं. कोजागिरीचा आठवडा, हवा छान. एक रोप मी काचेच्या टांगत्या गोळ्यात ठेवलं, कारण जाहिरातीतल्या प्रत्येक फोटोत ते तसंच असतं. दुसरं तांब्याच्या तारेने एका वाळक्या फांदीला बांधून बाल्कनीत लटकवलं. तार इलेक्ट्रिशियन टाकून गेला होता, चकाकत होती, शोभून दिसत होती. तिसरं खिडकीच्या कट्ट्यावर नुसतंच पडलं होतं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: माती नको, कुंडी नको, रोज थोडा फवारा मारा.

मी रोज थोडा फवारा मारला. डिसेंबरात पनवेलची हवा कोरडी झाली, वारा फिरला आणि पानं आणखी आवळायला लागली. गड्ड्यावर बारीक सुरकुत्या पडल्या, टोकं तपकिरी झाली. फवाऱ्याने पान ओलं दिसतं, पण दहा मिनिटांत पुन्हा कोरडं. तहानलेल्याच्या ओठांना नुसतं बोट लावावं, तसा तो प्रकार होता.

या रोपाची मुळं पाणी पीत नाहीत, ती फक्त फांदीला धरून ठेवतात. पाणी पितात ती पानं. पानावर डोळ्यांना पांढुरक्या भुकटीसारखे दिसणारे सूक्ष्म खवले असतात. कोरडे असताना ते चपटे बसलेले असतात. पाणी लागलं की फुगून टिपकागदासारखे ते आत ओढून घेतात. कोरडं असताना रोप राखाडी-हिरवं आणि भिजवल्यावर गडद हिरवं का दिसतं, ते मला तेव्हा कळलं. खवल्यांना पुरेसा वेळ पाणी मिळालं पाहिजे. म्हणून आठवड्यातून एकदा रोप बादलीत वीसेक मिनिटं पूर्ण बुडवायचं, असं ठरवलं.

आणि इथेच पहिलं रोप मेलं.

बँकेतून घरी यायला मला आठ वाजतात. मग बादलीत पाणी, त्यात रोपं, जेवण होईपर्यंत ती तिथेच. साडेनऊला काढून, दोनदा झटकून, पहिलं रोप पुन्हा काचेच्या गोळ्यात. दिसायला रोप तजेलदार झालं होतं, मी खूश. फेब्रुवारीत एका रविवारी धूळ पुसायला म्हणून उचललं, तर मधली पानं माझ्या हातात आली आणि बुंधा गोळ्यात राहिला. आतून काळं, चिखलासारखं, आणि कुजक्या फुलदाणीचा वास. बाहेरची पानं तेव्हाही हिरवीगार होती! बल्बोसाचा हाच दगा आहे. गड्डा म्हणजे खरं तर एकावर एक लपेटलेल्या पानांचे तळ. त्यांच्या मधे पोकळी असते. तिथे पाणी अडकलं की बाहेरून आठवडाभर काही कळत नाही.

रात्रीची चूक वेगळी होती, ती मला उशिरा समजली. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. निवडुंग, अननस आणि ही टिलँडसियांची मंडळी उलटं करतात. दिवसा रंध्रं उघडली तर उन्हाने पाणी उडून जाईल, म्हणून ती रात्री उघडायची, हवा घेऊन साठवायची आणि दिवसा उजेडात ती वापरायची. आता रात्रभर पानावर पाण्याचा थर असेल तर श्वास घ्यायचा कुठून? मी नेमकी त्याच वेळी त्याला बुडवत होते आणि वर काचेत कोंडत होते. भिजवायचं ते सकाळी. चार तासांच्या आत रोप पूर्ण सुकलं पाहिजे आणि रात्र कोरडी गेली पाहिजे, एवढं एक कळलं असतं तर साडेतीनशे रुपये वाचले असते.

'टिलँडसिया' या नावामागची गोष्ट याच सुमारास वाचनात आली. सतराव्या शतकात फिनलंडच्या तुर्कू शहरात एलियास टिलँड्झ नावाचे वैद्यक शिकवणारे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. तरुणपणी जहाजाच्या प्रवासात त्यांना समुद्र इतका लागला, की परतताना आखाताला वळसा घालून हजारेक किलोमीटर ते जमिनीवरून आले आणि पुढे स्वतःचं आडनावही त्यावरूनच, 'जमिनीवरून' अशा अर्थाचं, घेतलं, अशी आख्यायिका आहे. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीयसला वाटलं, ही झाडंही पाण्याला भिणारी. म्हणून त्याने त्यांना टिलँड्झांचं नाव दिलं. आता बल्बोसा पाण्याला मुळीच भीत नाही, पावसाळी जंगलातली आहे ती. भिते ती न सुकण्याला. पण लिनीयसवर मी कशाला हसू, माझ्या बादलीपेक्षा त्याचा अंदाज बराच जवळचा होता.

काचेचा गोळा मोलकरणीच्या मुलीला दिला, ती त्यात मणी ठेवते. उरलेल्या रोपांसाठी मी कपडे वाळत घालायची दांडी पक्की केली. रविवारी सकाळी सातला बादलीत बुडवायचं, साडेसातला काढायचं, उलटं धरून जोरात झटकायचं. बल्बोसा झटकली की गड्ड्यातून जे पाणी उडतं, ते पाहिल्यावर आजवर किती पाणी आत राहत होतं ते समजतं. मग प्लास्टिकच्या चिमट्याने पानांची टोकं धरून दांडीला उलटं टांगायचं. मोजे, रुमाल, बल्बोसा, नवऱ्याची बनियन. समोरच्या इमारतीतल्या आजींनी एकदा विचारलंच, "कसल्या मुळ्या वाळवतेस ग, औषधाच्या का?"

मे महिन्यात सुट्टीला गावी गेले, तेव्हा खिडकीतलं तिसरं रोप बरोबर नेलं. पडवीच्या बाहेर पहिल्याच सुपारीला सुतळीने बांधलं, सावली आणि समुद्राचा वारा दोन्ही मिळेल अशा बेताने. बाबा कमरेवर हात ठेवून बघत होते. "स्वतःच्या हाताने झाडाला बांडगूळ बांधणारी तू पहिलीच."

बाबांच्या रागाला कारण आहे. आमच्याकडे आंब्यावर जे बांडगूळ येतं, ते खरं परोपजीवी. फांदीच्या सालीत आपलं शोषक मूळ घुसवतं, आंब्याचं पाणी आणि क्षार ओढतं. पुढची फांदी वाळत जाते. त्याची लालसर नळीची फुलं छान दिसतात, पक्षी त्याचं चिकट बी दुसऱ्या फांदीवर नेऊन पुसतात, की तिथे नवीन. दरवर्षी कोयता घेऊन ते तोडणाऱ्या माणसाला 'हे झाडावर वाढतं पण झाडाचं काही खात नाही' असं सांगून पटत नाही. मी त्यांना आंब्यावरची सीतेची वेणी दाखवली. ते ऑर्किड त्याच फांदीवर माझ्या लहानपणापासून आहे, ज्येष्ठात फुलतं, फांदीला काही झालेलं नाही. हीसुद्धा तशीच, अपिवनस्पती, नुसती बसायला आलेली. बाबा म्हणाले, "वेणी आपल्याकडची आहे." यावर मी काय बोलणार!

मी पनवेलला परतले. पावसाआधी सुपारीवर बोर्डो मारायचा असतो, हे मला जन्मापासून माहीत आहे. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना, नाहीतर पावसात कोळेरोगाने सगळी फळं गळून खाली येतात. गडी झाडावर चढतो, घडांवर निळं पाणी मारतो, खाली सगळ्या वाडीत निळे थेंब पडतात. आमच्या अंगणातल्या दगडांवरही ते डाग असतात. हे माहीत असून मला काहीच सुचलं नाही. जुलैत आईने फोटो पाठवला. पानांवर निळसर-पांढरे ठिपके, पानं टोकापासून काळपट, गड्डा मऊ. मी तिला म्हटलं, कुजतंय, बोर्डो राहिला असेल तर थोडा त्यावरही मारायला सांग. बुरशीवर औषध ते, मला वाटलं उपकार करतेय. पंधरा दिवसांत रोपाची पेंढी झाली.

मोरचूद म्हणजे तांबं. टिलँडसियाला तांबं विष आहे, म्हणजे अक्षरशः. जे खवले पाण्याचा थेंब सोडत नाहीत, ते त्यात विरघळलेलं तांबंही सोडत नाहीत, सगळं आत. इतर झाडांना पानावर जो बोर्डो राखतो, तो याला मारतो. वाचता वाचता माझी नजर बाल्कनीतल्या दुसऱ्या रोपाकडे गेली, तांब्याच्या तारेत सुंदर गुंडाळलेल्या. रात्री अकरा वाजता पक्कड घेऊन ती तार कापली. तार जिथे बुडाला टेकत होती तिथे दोन पानांवर काळे वळ उमटले होते. तेव्हापासून मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याने बांधते. एसीतून ठिबकणारं पाणी मी मोठ्या अभिमानाने रोपांना घालायची, क्षार नसतात म्हणून. तेही बंद केलं. एसीत आत तांब्याचीच वेटोळी असतात, त्या पाण्यात किती उतरतं देव जाणे, पण आता एकच रोप उरलं होतं.

पाण्याचं मात्र बघावंच लागतं. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरिंगचं पाणी मिसळतात, त्याने पानावर पांढरी साय धरते आणि खवले बुजतात. घरच्या शुद्धीकरण यंत्राचं फेकायचं पाणी तर अजिबात नाही, त्यात सगळे क्षार घट्ट होऊन आलेले असतात. पावसाचं पाणी सगळ्यांत चांगलं. जूनच्या पहिल्या दोन सरी गच्ची धुण्यासाठी सोडायच्या आणि मग ड्रम भरून झाकून ठेवायचे. दिवाळी उलटेपर्यंत पुरतं. खत म्हणाल तर महिन्यातून एकदा, लिटरला अर्धा ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात), भिजवायच्या पाण्यातच. एकदा मी चमचाभर टाकलं होतं, टोकं जळाली. जे झाड हवेतल्या धुळीवर आणि पक्ष्याच्या विष्ठेवर भागवतं, त्याला आपल्या गुलाबाच्या मात्रा कशाला?

पहिल्या पावसाळ्यात त्या उरलेल्या रोपासाठी जे काही केलं, ते सांगताना मलाच हसू येतं. जून ते सप्टेंबर एकदाही बुडवलं नाही. हवेतच इतकं पाणी, की पापड मऊ पडतात, मिठाची बरणी ओली होते. रोप बाल्कनीत होतं, झड आली की आत. तीन दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, तेव्हा हॉलमध्ये पंख्याखाली दोरी बांधून कपड्यांबरोबर तेही. नवरा म्हणाला, त्याच्या शर्टापेक्षा रोपाला पंख्याची चांगली जागा मिळाली आहे. खरं होतं ते. आमचा अर्धा पावसाळा त्याला कोरडं ठेवण्यात गेला आणि रोप मात्र कधी नव्हे इतकं टरारलं. दमट हवा, सावलीतला उजेड आणि सतत हलता वारा, एवढंच त्याचं मागणं होतं. वाऱ्यावर जगतं म्हणतात ते या अर्थाने. वारा म्हणजे त्याचा टॉवेल.

पुढल्या जानेवारीत मधल्या पानांचे बुंधे तांबूस व्हायला लागले. मी घाबरले, कारण तोपर्यंत रंग बदलला म्हणजे काहीतरी बिघडलं, हेच मी शिकले होते. पण लाली चढत गेली, मधून लाल दांडा आला आणि त्यावर दोन-तीन दिवसांच्या अंतराने जांभळ्या नळ्यांसारखी फुलं. फूल म्हणून पाहिलं तर बोटाच्या पेराएवढं, वास नाही. तरी ऑफिसला जायच्या आधी मी रोज दहा मिनिटं तिथे उभी असायची.

फुललं म्हणजे ते रोप संपलं. केळीसारखंच, एकदा घड दिला की बुंधा जातो आणि बाजूने मुनवे वर येतात. एप्रिलमध्ये गड्ड्याच्या बुडाशी तीन फुगवटे दिसले. ते लगेच काढायचे नसतात, आईच्या निम्म्याएवढे होईपर्यंत तिच्याकडूनच पोसले जातात. मी दिवाळीपर्यंत थांबले. एक पिल्लू बुडाशी धरून हलकेच पिरगळलं, टक् आवाज झाला आणि सुटलं. दोन तसेच ठेवले.

सुटलेलं पिल्लू गावी नेलं. यावेळी सुपारीच्या जवळपास नाही, तर वाडीच्या दुसऱ्या टोकाला, आंब्याच्या खालच्या फांदीला, गड्डा वर आणि पानं खाली लोंबतील असं उलटं बांधलं. पाणी आत राहायचा प्रश्नच नको. जंगलातही ही जात अशी कुठल्याही कोनात लटकलेली असते. दोन महिन्यांत मुळांनी सालीला धरलं, मग मी दोरा कापला.

बाबा तोवर बांडगूळ म्हणतच होते, पण फोनवर त्याची बातमी मात्र तेच देत. होळीच्या सुमारास म्हणाले, "तुझ्या कांद्यात मुंग्या शिरल्यात." पाहायला गेले तर खरंच, बारीक काळ्या मुंग्या पानाच्या नळीवरून चढत होत्या आणि बुडाशी, जिथे पान गड्ड्याला लपेटतं, तिथल्या फटीतून आत जात होत्या. मी हातात पाण्याचा पाइप घेतला होता. मग आठवलं, मूळ देशी या गड्ड्यांमध्ये मुंग्याच राहतात. कोरडी पोकळ खोली त्यांना फुकट मिळते, आणि त्यांच्या आत टाकलेल्या कचऱ्यातून, विष्ठेतून झाडाला नत्र मिळतं. पाइप खाली ठेवला. कुठली मेक्सिकोची खोली आणि कुठल्या आमच्या वाडीतल्या मुंग्या, कुणी कुणाला सांगितलं नसताना बिऱ्हाड थाटून बसल्या.

प्रकरण एवढं गोड मात्र नव्हतं. महिन्याभराने पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला. पिठ्या ढेकूण. मुंग्या त्यांच्या अंगचा गोड स्राव खातात आणि त्या बदल्यात त्यांना सांभाळतात, आंब्यावर हे चालतंच. म्हणजे भाडेकरूंनी गुरंही आणली होती. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून आईने एकेक ढेकूण टिपला, चष्मा आणि भिंग दोन्ही लावून. आठवड्याने पुन्हा. मुंग्या राहिल्या, ढेकूण गेले. निदान सध्या तरी.

यंदा मेअखेरीस एका सकाळी बँकेत असताना बाबांचा फोन आला. ते कामाच्या वेळी कधी करत नाहीत, त्यामुळे मी धास्तावून बाहेर जाऊन उचलला. मागे कुणीतरी बादली आपटत होतं.

"बोर्डो कालवलाय," ते म्हणाले. "वारा आंब्याच्या बाजूला आहे, म्हणून तुझ्या त्याला खताची रिकामी पिशवी धुऊन बांधली वरून. किती वेळ ठेवू? आत घुसमटेल ना ते?"

संध्याकाळी फवारा वाळला की लगेच काढा, म्हटलं.

"मुंग्यांचं काय?"

त्या असू देत आतच.